नजरेला न कळणारा शब्द

मी एक इंग्रजी शब्द बोलतोय. घाबरू नका, मराठीतच बोलतो. चिटगुप्प्याच्या एका घरात इतकी वर्षं काढल्यावर आता मला इंग्रजी कितीसं येतं, ते माझं मलाच सांगता यायचं नाही. माझं नाव ग्रीडिली.

मी एकटा कधी येत नाही. आधी कोणीतरी काहीतरी करावं लागतं, खावं, प्यावं, बघावं. आणि ते कसं केलं हे सांगायला मग मला बोलावतात. नुसतं खाल्लं तर माझी गरज नाही. डोळे मोठे करून, समोरचं पळून जाईल की काय अशा घाईनं, हपापून खाल्लं की मी आलोच म्हणून समजा.

कोशात माझ्यापुढे लिहिलंय: अधाशीपणाने, हावरटासारखे. कोश लिहिणारा शिकलेला माणूस; त्याचं चुकलं असं मी कोण म्हणणार? पण बरोबर आहे असंही मला म्हणवत नाही. हा गोंधळ कसा झाला तेवढंच सांगतो. तुम्हाला उलगडा झाला तर बघा.

माझा जन्म समुद्रापलीकडचा म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते लाकडी खोकं, कोऱ्या पुस्तकांचा वास आणि बिदरची एक मुलींची शाळा. तिथल्या इंग्रजी पुस्तकात एका कावळ्याच्या गोष्टीत मी राहत होतो. कावळ्यानं पोळीचा तुकडा ग्रीडिली गिळला आणि तो त्याच्या घशात अडकला, असं ते वाक्य होतं. पुढे कावळ्याचं काय झालं ते पानाच्या मागच्या बाजूला होतं. मी ते कधी पाहिलं नाही.

बाईंनी मला फळ्यावर लिहिलं आणि मुलींना माझा अर्थ तीन भाषांत सांगितला, कारण त्या वर्गात एका भाषेत सांगून कोणाचंच भागत नव्हतं. मराठीत अधाशी, कानडीत होट्टेबाक, दखनीत नदीदा. तरी काही चेहरे कोरेच राहिले. तेव्हा बाईंनी मागच्या बाकाकडे बोट केलं. तिथे हळ्ळीखेडच्या भुसार व्यापाऱ्याची मुलगी, महानंदा, बाकाखाली हात घालून भाजलेल्या शेंगा खात होती.

"ही बघा," बाई म्हणाल्या, "ही आत्ता जशी खायली ना, तसं."

वर्ग हसला. महानंदाचं तोंड भरलेलं होतं, त्यामुळे तिला रडताही येईना. इतर मुली मला परीक्षेनंतर विसरल्या. ती विसरली नाही. अपमानाबरोबर आलेला शब्द पक्का बसतो. मी तिच्याकडेच राहिलो, तो असा.

तिचं लग्न चिटगुप्प्याच्या काशप्पाशी झालं. बाजारपेठेत त्याचं कापडाचं दुकान होतं. उर्दू शाळेत शिकलेला, इंग्रजीही थोडंफार आलेलं, स्वभावानं मिस्कील. घरात तो, त्याची आई गुरुबाई आणि आता ही. गुरुबाईंना सगळी गल्ली अव्वा म्हणायची. घरात मराठी आणि कानडी अशी मिसळलेली असायची, की भाकरी एका भाषेत मागावी आणि वाढणारीनं दुसऱ्या भाषेत वाढावी.

त्या घरात काशप्पाच्या शाळेतल्या जुन्या कोशाखेरीज वाचायला काही नव्हतं. म्हणून महानंदा वाण्याकडून आलेल्या गुळाच्या पुड्याचा कागद सोडवायची, तळहातानं सपाट करायची आणि चुलीपुढे बसून वाचायची. अर्धी बातमी असायची, कधी औषधाची जाहिरात. एकदा काशप्पा दारात येऊन उभा राहिला तरी तिला कळलं नाही.

"काय म्हणतोय गूळ?" त्यानं विचारलं.

ती दचकली. "काही न्हाई. असंच वाचायले."

"असंच कुठं? ग्रीडिली वाचायलीस."

इतक्या वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून मला ऐकून ती आधी लाजली, मग हसली. आणि मी पहिल्यांदा गोंधळलो. कावळ्याच्या गोष्टीत मी वाईट होतो, बाकाखालच्या शेंगांपाशीही वाईट होतो. इथे माझं नाव घेतलं तर महानंदा हसते. वाचणं अधाशीपणानं केलं तर चालतं का? कोशात तसं काही लिहिलेलं नाही.

मग मुलगा झाला. अव्वांनी त्याचं नाव गुंडप्पा ठेवलं. कानडीत गुंड म्हणजे धोंडा. धोंड्याला कोणाची नजर लागत नाही. लागली तर आपटून फुटते, असा अव्वांचा हिशेब.

हा हिशेब अव्वांनी उगीच मांडलेला नव्हता. काशप्पाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. ऊन खायला त्या अंगणात त्याला पाजत बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना कौतुकानं म्हणाल्या होत्या, बघा गं, माझं लेकरू कसं गटागटा पेयलंय. त्याच आठवड्यात ते लेकरू गेलं. ही गोष्ट अव्वा स्वतः कधी सांगत नसत. समोरच्या राजूबाईंनी ती महानंदाला बाळंतिणीच्या खोलीत सांगितली, हळू आवाजात.

म्हणून त्या घराची रीत पक्की होती. खरं तर साऱ्या गल्लीचीच होती. कोणी विचारलं, लेकरू दूध पेयलंय का, तर सांगायचं, कुठलं माय, तोंडच लावत न्हाई. लेकरू दोन्ही गाल फुगवून पीत असलं तरी हेच सांगायचं. विचारणारीला ते उलटं करून घ्यायचं असतं हे ठाऊक असतं, आणि ती म्हणते, व्हय व्हय, दिसायलंच की. सगळं ठीक आहे हे दोघींना समजतं, आणि नजर हात हलवत परत जाते.

महानंदाला हे जमायला वेळ लागला. पहिल्यांदा राजूबाईंनी विचारलं तेव्हा ती शाळेतल्यासारखं उत्तर देऊन बसली, हो, चांगलं पितो. अव्वांच्या हातातलं सूप खाली आलं. लगेच मीठ, मिरच्या, मोहरी घेऊन त्यांनी बाळावरून ओवाळून चुलीत टाकलं. मिरच्यांनी सगळ्यांना खोकला आला, अव्वांना सुद्धा.

"शिकलेली हाईस ना?" खोकत खोकत अव्वा म्हणाल्या. "मग एवढं कळंना व्हय तुला? लेकराचं चांगलं व्हटावर आणायचं नसतंय."

महानंदा शिकली. पण तिच्या पोटात एक गोष्ट मावेना. तिचं मूल खरोखर सुंदर दूध प्यायचं. मुठी आवळून, नाकानं फुसफुस करत, मध्येच थांबून आईकडे रागानं बघत, जसं काही तीच उशीर करतेय. हे कोणाला तरी सांगावं असं तिला रोज वाटे. मराठीत सांगितलं तर नजर ऐकेल, कानडीत सांगितलं तरी ऐकेल, दखनी तर बाजारात सगळ्यांनाच येते. आणि मग तिला मी आठवलो.

संध्याकाळी काशप्पा दुकानातून आला, पायावर पाणी घेताना त्यानं नुसत्या भुवया उंचावून पाळण्याकडे पाहिलं. महानंदा कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "ग्रीडिली."

तो इतका हसला की तांब्यातलं पाणी सांडलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मला एकदा बाहेर काढत. एवढंच माझं काम. मला सांगायला लाज वाटते, पण मी दिवसभर त्या क्षणाची वाट बघायचो. ज्या शब्दाला तीन भाषांत शिवीसारखं शिकवलं होतं, तो एका घरात दिवा लागायच्या वेळी उच्चारला जात होता. मी चांगला झालो होतो का? की वाईटच होतो आणि त्यांना माझा अर्थ नीट येत नव्हता? मी विचारणार कोणाला? अव्वा चुलीशी असायच्या. त्यांना माझ्यातलं काही कळत नाही असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो.

गुंडप्पा रांगायच्या बेतात आला. काशप्पा कापड घ्यायला गुलबर्ग्याला गेला, तिथून पुढे सोलापूरला जाऊन येणार होता. आणि तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाळानं दूध सोडलं.

भूक नव्हती असं नाही. तो छातीकडे झेपावायचा, एक घोट घ्यायचा आणि किंचाळून मान फिरवायचा. पदराआड काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. बाहेरून एवढंच दिसायचं, की आई पाजत बसलीय आणि मूल किरकिर करतंय.

"दात येयलेत," अव्वा म्हणाल्या. "काशप्पानं बी असंच केलतं."

राजूबाई आल्या. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "पेयलंय का गं?"

"न्हाई हो," महानंदा म्हणाली. "तोंडच लावत न्हाई."

"असंच म्हणावं," राजूबाई हसून म्हणाल्या. "आता कुठं शिकलीस बघ."

"न्हाई, खरंच पीत न्हाई."

"व्हय, व्हय. खरंच न्हाई पीत." आणि त्यांनी अव्वांकडे बघून डोळे मिचकावले. अव्वांनाही सुनेचं कौतुक वाटलं असावं, कारण त्यांनी राजूबाईंना गुळाचा खडा दिला.

तिनं आणखी काय म्हणायला हवं होतं? खरंच म्हटलं, तर खरंच हा त्या रीतीचाच भाग होता. डोळ्यांत पाणी आणलं असतं तर राजूबाई म्हणाल्या असत्या, काय झ्याक सोंग आणलंय. पीत नाही हे सांगायचे सगळे शब्द गल्लीनं आधीच दुसऱ्या कामाला लावून टाकले होते. आणि जो एक शब्द कामाचा होता, तो समजणारा माणूस गुलबर्ग्यात कापड बघत बसला होता.

त्यात तिचा स्वतःवर भरवसा नाही. ती मनातल्या मनात घोळवत बसे, आणि मी तिच्या जिभेखाली असल्यामुळे मला ते सगळं ऐकू येई. दातच असतील. अव्वांनी मुलं वाढवलीत, मी काय वाढवलंय? शिकलेल्या बायका उगीच घाबरतात म्हणतात, ते खरंच असेल. आणि मग सगळ्यात वाईट विचार: मीच तर रोज बोलून दाखवत होते. नजरेला इंग्रजी येत नाही हे मला कोणी सांगितलं? बिदरला शाळा आहे, गुलबर्ग्याला शाळा आहे, येत असेल एखाद्या नजरेला.

हे ऐकून माझी काय अवस्था झाली ते कसं सांगू? मला कावळा आठवला. त्याचाही घसाच होता. मी ज्याच्या मागे लागतो त्याचा घसाच धरतो की काय? त्या दिवसांत ती माझं नाव घेत नव्हती आणि मीही ओठांकडे जायला धजत नव्हतो.

बाळ आता किरकिरायचंही थांबलं. रडणाऱ्या मुलापेक्षा गप्प मूल आईला जास्त घाबरवतं. सकाळी त्याची टाळू आत गेल्यासारखी वाटली. महानंदानं बोट फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आपल्यालाच तसं वाटतंय का म्हणून हात बदलून डाव्या हातानं पाहिलं. मग बाळाला घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. अव्वा भाकरी थापत होत्या.

"अव्वा, लेकरू दूध पीत न्हाई."

"व्हय गं."

"तसं न्हाई, अव्वा." पुढे बोलायला तिनं तोंड उघडलं तेव्हा मी तिच्या ओठांवर होतो आणि ती मला बाहेर टाकावं की गिळावं या विचारात थांबली.

तोवर अव्वांनीच परातीतून मान वर केली. त्यांनी आधी बाळाकडे नाही, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय गं," त्या म्हणाल्या, "तुझं ते संध्याकाळचं कुठं गेलं? गिरीडली का काय ते."

"तुम्हाला कसं ठाऊक, अव्वा?" महानंदानं विचारलं.

"मी काय बहिरी हाव? रोज दिवा लावताना ऐकायले की. काशप्पा गेल्यावर बी पहिल्या दिवशी पाळण्यापाशी एकटीच म्हणालतीस. मग बंद केलीस. म्हणलं, नवऱ्याची आठवण येयली असंल." अव्वांचे पिठाचे हात परातीवर थांबले. "काय असतंय ते?"

"लेकरू..." महानंदा म्हणाली. "लेकरू हपापून पेयलंय, असं. मराठीत म्हणायची भीती वाटायलती म्हणून."

"आन् आता म्हणत न्हाईस."

"आता ते तसं पीतच न्हाई, अव्वा. अजिबात न्हाई."

तव्यावरची भाकरी करपू लागली होती. अव्वांनी ती काढली नाही. त्यांनी पिठाचं बोट बाळाच्या ओठांवर टेकवलं. ओठ कोरडे होते आणि बोटाकडे वळले नाहीत.

मला त्या वेळी काहीतरी समजायला हवं होतं, पण मी जास्तच गोंधळलो. कोणी मला उच्चारलं नव्हतं. मी नव्हतो, हेच बोललं गेलं होतं, आणि तेच ऐकलं गेलं. शब्दाचं नसणंसुद्धा ऐकू येतं हे मला कोणत्याही पुस्तकानं सांगितलेलं नाही.

"राजूबाईला म्हण, तुमची गाडी जुंपाय लावा," अव्वा म्हणाल्या. "बिदरला जायचं."

"हे आल्यावर..."

"ते येतंय तवा येऊ दे."

मन्नाएखेळीपर्यंत बैलगाडी आणि तिथून बिदरची मोटार. सगळ्या वाटेनं अव्वा मधून मधून ओल्या कापडाची कड बाळाच्या ओठांवर फिरवत होत्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई समुद्रापलीकडच्या मुलखातल्या होत्या, पण मराठी बोलायच्या, थोडी जपून. त्यांनी चमचा घालून घसा बघितला आणि बाहेर थांबायला सांगितलं. बाळाच्या घशात आतल्या बाजूला गळू झालं होतं. गिळताना ते दुखायचं.

बाहेरच्या कट्ट्यावर बसून महानंदा पुन्हा तेच घोळवत होती, नजरेला इंग्रजी येत असेल तर. अव्वांनी तिच्या मांडीवर हात ठेवला.

"मी म्हणालते तवा," त्या एकदम म्हणाल्या, "त्याचं बी कायतरी दुखतच असंल का गं? आधीपासनं?"

कोणतं मूल, हे महानंदानं विचारलं नाही.

"असंल, अव्वा."

"मग माझ्या बोलण्यानं नसंल."

"नसंल."

अव्वांनी हातातलं ओलं कापड पिळून कट्ट्यावर पसरलं. त्यांचा त्यावर विश्वास बसला की नाही मला कळलं नाही. मी त्या वेळी दोघींच्या मधे कुठेतरी होतो.

गळू फोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळानं एक घोट घेतला, थांबलं, वाट पाहिली, दुखलं नाही. मग त्यानं मुठी आवळल्या. पदर हलायला लागला आणि आतून ती नाकाची फुसफुस आली. अव्वा शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी ती ऐकली.

डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या. खाटेखाटेशी थांबत, बायकांना विचारत. वॉर्डात आजूबाजूच्या गावांच्या बायका, प्रत्येकीच्या मांडीवर मूल, प्रत्येकीचे कान इकडे.

"आता कसा पितो?" त्यांनी विचारलं.

महानंदानं तोंड उघडलं. जुनी रीत ओठांपर्यंत आली, कुठलं माय, तोंडच लावत न्हाई. खोटं सांगितलं तर डॉक्टरीणबाई पुन्हा चमचा घालतील. खरं सांगितलं तर अव्वा शेजारी बसलेल्या. तिनं अव्वांकडे पाहिलं.

अव्वांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांचा आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढा मोठा होता.

"गिरीडली," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी त्या म्हातारीकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं, तिथली फुसफुस ऐकली. "येस," त्या म्हणाल्या, "दिसतंय मला."

यानंतर माझं आयुष्य फारसं माझं राहिलं नाही. काशप्पा परत आला आणि दारातच आईनं मला त्याच्या तोंडावर फेकलं. राजूबाईंनी मला उचललं. आता आमच्या गल्लीत लेकराचं विचारलं, तर बाया पहिल्यांदा रीतीनं न्हाई म्हणतात आणि मग हळूच गिरीडली म्हणतात. नजरेला हे अजून कळलेलं नाही असं सगळ्यांचं मत आहे.

मधे धामधुमीचं वर्ष आलं. रझाकारांच्या भीतीनं दुकान बंद करून घरची माणसं काही महिने सोलापूरकडे पाहुण्यांकडे जाऊन राहिली. भांडी, कापडाचे तागे, कोश, सगळं मागं राहिलं. मी मात्र गेलो; शब्दाला गाडीत जागा लागत नाही. परत आलो तेव्हा राज्य बदललं होतं. कोश कोणीतरी नेला होता. मला वाईट वाटलं की बरं वाटलं, सांगता येत नाही.

गुंडप्पा आता शाळेत जातो. परवा तो पुरणपोळी खात असताना अव्वा त्याला म्हणाल्या, "खा, गिरीडली खा." त्यानं आईला विचारलं, म्हणजे काय. महानंदानं त्याच्या ताटात आणखी तूप वाढलं. बाकाखालच्या शेंगा तिला आठवल्या असाव्यात.

"म्हणजे जीव लावून," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "चुकलं असंल."

मलाही तेच वाटतं, चुकलं असेल. उद्या हा मुलगा मोठ्या शाळेत जाईल, तिथे नवा कोश असेल आणि त्यात माझ्यापुढे ते जुनंच लिहिलेलं असेल. तो घरी येऊन आईला म्हणेल, तू मला अधाशी म्हणत होतीस. ती काय सांगेल? मी तर त्या वेळी तोंडही उघडू शकणार नाही. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. बाबा, कोश खोटा नाही. पण कोश त्या कट्ट्यावर बसलेला नव्हता. आणि तुम्हा वाचणाऱ्यांना एवढंच मागणं, की लेकरू पितं की नाही हे खरं सांगता येईल असा एखादा शब्द घरात राखून ठेवा. मीच असलो पाहिजे असं नाही.

गेल्या आठवड्यात महानंदाला मुलगी झाली. पोरगी लहान चणीची आहे, दूध घ्यायचा कंटाळा करते, मध्येच झोपते. आई घाबरलेली आहे, नेहमीसारखी, आणि आपण उगीच घाबरतो असंही म्हणते आहे. अजून कोणी माझं नाव घेतलेलं नाही. दिवा लावायची वेळ झाली आहे. काशप्पा पायावर पाणी घेतोय, अव्वा भाकरी अर्धी सोडून दारात येऊन उभ्या आहेत, आणि तिघंही पदराकडे बघताहेत.

मी तिच्या जिभेखाली बसून वाट बघतोय. कशी वाट बघतोय, ते सांगायला मला माझ्याशिवाय दुसरा शब्द सापडत नाही.